संकेतस्थळ कोणाच्या नावावर?

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील लोहा हे तालुक्याचे गाव पंचक्रोशीची बाजारपेठ आहे. शेजारच्या कंधारने ज्या लाल कंधारी गोवंशाला आपले नाव दिले, त्याची पैदास या दोन्ही तालुक्यांत होत आली आहे; आणि मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते तेव्हा घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांच्या खरेदीसाठी परप्रांतांतूनही गिऱ्हाईक येथे उतरते. अशा मुलखातील व्यापाऱ्याची पत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पेढीवरून आणि शब्दावरून ओळखली गेली. आज मात्र ठोक डाळ घेऊ इच्छिणारा हैदराबादचा खरेदीदार आधी खिशातला फोन काढून मिलचे नाव शोधतो, आणि ते सापडले नाही तर निरोप न पाठवताच दुसऱ्याच्या दाराशी जातो. तेव्हा आपलीही वेबसाइट असावी असे लोह्याच्या व्यापाऱ्याला वाटू लागले, यात नवल नाही. पण ती बनवून देणारा डेव्हलपर निवडताना तो जी कसोटी लावतो ती बहुधा भलतीच असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्याचे सारे गिऱ्हाईक दोन-चार कोसांच्या आतले आहे, अशा किराणा दुकानदाराला वा शिंप्याला वेबसाइटची गरज नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते, २०१८ पासून व्हॉट्सॲपचे व्यापाऱ्यांसाठीचे स्वतंत्र ॲपही उपलब्ध आहे, आणि एवढ्यावर त्याचे भागते. डाळ मिल, जिनिंग, बियाणे कंपनी, वसतिगृह असलेली शाळा, शेतकरी उत्पादक कंपनी यांची गोष्ट वेगळी. त्यांचा व्यवहार अनोळखी माणसाशी पडतो, आणि त्या माणसाला खातरजमा करण्यासाठी एक ठिकाण लागते.

अशा व्यावसायिकाकडे डेव्हलपर येतो तो लॅपटॉपवर दोन-तीन सुबक नमुने दाखवतो, एक आकडा सांगतो, आणि ‘पहिले वर्ष सगळे फुकट’ अशी पुस्ती जोडतो. व्यावसायिक रंगसंगती पाहतो, आकड्यात घासाघीस करतो, आणि सौदा ठरतो. या साऱ्या बोलण्यात मालकीचा उल्लेखही होत नाही. वस्तुतः वेबसाइट म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात: डोमेन, म्हणजे तिचे नाव व पत्ता, होस्टिंग, म्हणजे ती ज्या संगणकावर ठेवलेली असते तेथील भाड्याची जागा, आणि प्रत्यक्ष पाने, चित्रे व आज्ञावली. यांपैकी डोमेन हा साइटचा सातबारा होय. ज्या मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या दाव्यांत हजर केले जाते, तेथील माणसाला नोंद कोणाच्या नावाची हे विचारायला शिकवावे लागू नये. परंतु गुंठाभर जमिनीसाठी तलाठ्याकडे दहा खेटे घालणारा गृहस्थ डोमेनच्या बाबतीत मात्र ‘तुम्हीच बघा काय ते’ म्हणून मोकळा होतो.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने घ्यावे लागते, आणि डॉट कॉमच्या नावांना एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची मुदत मिळते. डॉट इन ही भारताची नामावळी नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते; प्रत्यक्ष नोंदणी मात्र अधिकृत विक्रेत्यांमार्फत होते, आणि त्याचा वार्षिक खर्च साधारणपणे हजार-पंधराशे रुपयांच्या आतबाहेर असतो. म्हणजे सबंध कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच. आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विक्रेत्याकडील खाते ज्याच्या ई-मेलवर उघडले असेल त्यालाच मुदत संपत आल्याच्या सूचना जातात, पासवर्ड बदलण्याचा अधिकारही त्यालाच. लोहा-कंधारचा एखादा हुशार तरुण नांदेडला अभियांत्रिकी शिकून गावातल्या पाच-सात पेढ्यांच्या वेबसाइट बनवतो, त्या सर्वांची डोमेने सोयीसाठी स्वतःच्याच खात्यात ठेवतो, आणि पुढे पुण्याला नोकरी लागली की हा पसारा विसरतो. यात लबाडी असतेच असे नाही, पण परिणाम तोच होतो. डॉट कॉमचे नाव मुदतीत नूतनीकरण न झाल्यामुळे रद्द झाले, तर ते परत मिळवण्यासाठी ३० दिवसांचा अवकाश असतो आणि त्यासाठी जबर दंड द्यावा लागतो. तोही टळला तर नाव खुले होते, आणि गाडीच्या फाळक्यावर, पोत्यावर, पावतीपुस्तकावर छापलेला आपला पत्ता उद्या कोणीही परका घेऊ शकतो.

आज्ञावलीच्या मालकीचे प्रकरण याहून गहन आहे, आणि त्याची कल्पना पुष्कळ सुशिक्षितांनाही नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीत गणले आहे (कादंबरीकाराला आणि डेव्हलपरला एका पंक्तीस बसवणारा हा कायदा मला तरी मोठा रसिक वाटतो), आणि त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे साहित्यकृतीचा प्रथम मालक तिचा कर्ता असतो. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची मालकी, विरुद्ध करार नसेल तर, धन्याकडे जाते. परंतु बाहेरच्या माणसाला मक्ता देऊन करून घेतलेल्या आज्ञावलीची मालकी, पैसे चुकते केले तरी, आपोआप आपल्याकडे येत नाही. गंमत अशी की मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत तेच कलम नेमके उलट सांगते: तेथे काढवून घेणारा मालक. तेव्हा आज्ञावलीचे हक्क लेखी करारानेच हस्तांतरित करून घ्यावे लागतात. १९ व्या कलमाचा बारकावा असा की त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर केवळ ५ वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते समजले जाते. म्हणून करारनाम्यात ‘कायमस्वरूपी व जगभर’ एवढे शब्द आवर्जून घालावेत. ज्या साइट वर्डप्रेससारख्या, २००३ पासून सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञावलीवर उभ्या असतात, त्या निदान उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतात. पण दरमहा भाडे घेणाऱ्या एखाद्या कंपनीच्या साच्यात बनवलेली साइट भाडे थांबताच दिसेनाशी होते, आणि तिथून बाहेर काढायचे म्हटले तर हाती मजकुराखेरीज फारसे लागत नाही. डेव्हलपर यांपैकी काय देत आहे हे आधीच वदवून घ्यावे.

मराठी मजकुराची एक परीक्षा व्यावसायिकाला स्वतःच करता येते. आपल्याकडे छपाईचे बरेच काम अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत होते. तोच मजकूर काही डेव्हलपर त्याच फॉन्टात, किंवा चित्र करून, पानावर चिकटवतात. डोळ्यांना तो उत्तम दिसतो, पण शोधयंत्राला त्यातली अक्षरे नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे ‘तूर डाळ लोहा’ असे शोधणाऱ्याला ती पेढी सापडणे कठीण. डेव्हलपरने पूर्वी बनवलेली मराठी साइट फोनवर उघडावी, एखाद्या ओळीवर बोट दाबून धरावे, ती ओळ उचलून व्हॉट्सॲपच्या चौकटीत टाकावी. जशीच्या तशी मराठी उमटली तर काम युनिकोडमध्ये, म्हणजे शोधयंत्रालाही वाचता येणाऱ्या अक्षरांत, झाले आहे. निरर्थक रोमन अक्षरांचा कचरा पडला, किंवा ओळ उचललीच गेली नाही, तर काय ते समजावे. देवनागरीतला ‘डॉट भारत’ हा पत्ताही २०१४ पासून मिळतो. तो हौसेने जरूर घ्यावा, पण एकटा घेऊ नये, कारण रोमन पत्ता टंकण्याची गिऱ्हाइकाची सवय अद्याप सुटलेली नाही.

त्याच जुन्या साइटवरचा चौकशीचा अर्जही भरून पाहावा, आणि मग तेथील दूरध्वनीवर त्या पेढीच्या मालकाला विचारावे की निरोप पोचला का; तो डेव्हलपरच्याच पेटीत जाऊन पडत असल्याचे पुष्कळदा आढळते. त्याच मालकाकडून आणखी एक माहिती मिळते, आणि ती कोणत्याही नमुन्यापेक्षा मोलाची आहे: साइट बंद पडली की हा डेव्हलपर किती दिवसांनी फोन उचलतो. पुण्यातील मोठी कंपनी की गावातला ओळखीचा मुलगा, या वादात मी पडणार नाही. गावातल्या मुलाला नावाजलेली बोरसुरी तूर डाळ आणि साधी तूर डाळ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही हे खरे, आणि त्याला संधी मिळावी हेही खरे. मात्र ओळखीच्या माणसाकडून लिहून कसे घ्यायचे, हा आपल्याकडचा संकोच आधी सोडला पाहिजे.

बयाणा देण्यापूर्वी डोमेन आपल्या ई-मेलवर आणि आपल्या नावे नोंदवून घ्यावे. शेवटचा हप्ता सर्व पासवर्ड, साइटची एक संपूर्ण प्रत आणि सही केलेला करारनामा हाती आल्यावरच चुकता करावा. या अटी ऐकून जो कुरकुर करील, त्याच्याकडे नमुने कितीही देखणे असले तरी काम देऊ नये.