पक्ष्यांचे छायाचित्रण

आपल्या खडेबाजारातील काही तरुण बंधूंस अलीकडे पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद जडला आहे. डॉ. सलीम अली यांच्या पक्षिअभ्यासाचा आरंभ १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाला. आता कोणाचाही जीव न घेता कॅमेऱ्याने तो अभ्यास साधतो, ही गोष्ट आपल्या अहिंसाव्रती समाजास समाधानाची आहे.

नवशिक्याने प्रथम दूर जाऊ नये. धान्याच्या पोत्यांभोवती दाणे टिपणारे पारवे व चिमण्या यांवर हात बसवावा. मग एखाद्या सकाळी किल्ल्यातील कमल बस्तीचे दर्शन घेऊन किल्ला तलावाच्या काठी निश्चल बसावे. ऊन पाठीशी असावे, भिंग पक्ष्याच्या डोळ्यावर स्थिर करावे. उडता पक्षी टिपताना शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक काळ उघडे राहू नये.

घरट्याजवळ मात्र मुळीच जाऊ नये. बुजलेली मादी अंडी सोडून जाते आणि कावळ्यास आयती वाट सापडते. मूठभर ज्वारी फेकून, पारवे जमताच टाळी वाजवून थवा उडविण्याची युक्तीही काहीजण करितात. असे चित्र कोणी कौतुकाने पुढे केले, तर आम्ही ते पाहत नाही.