हौशी छायाचित्रकार आणि स्नेह्यांचें कार्य

एडवणसारख्या सागरकांठच्या गांवीं लग्नकार्य निघालें, कीं कॅमेरा बाळगणाऱ्या स्नेह्यास ‘तेवढे फोटो काढ’ असें सहज सांगितलें जातें. त्यानें मोबदला घ्यावा काय?

हौशीचें काम हलकें असतें असें नव्हे. १८५४ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद डॉ. नारायण दाजी हे पेशानें डॉक्टर होते, तरी छायाचित्रणांत त्यांनीं नांव मिळविलें.

शिवाय मोबदल्यानें हक्कही बदलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः तें काढणारा होय. परंतु कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन तें काढलें असेल, तर विरुद्ध करार नसल्यास हक्क सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे फुकट काढलेल्या चित्राचा हक्क यजमानाचा नव्हे!

माझ्या मतें, दोन-चार चित्रें स्नेहानें द्यावींत. दिवसभर राबविलेला माणूस मात्र पाहुणा उरत नाहीं. पंगत उठते तरी तो उपाशीच. त्यास निदान छपाईचा व प्रवासाचा खर्च द्यावा. श्रमही आहेर म्हणून द्यावयाचे असतील, तर तसें त्यानें आधींच सांगावें. व्यवहार आधीं बोलला, तर स्नेह मागाहून तुटत नाहीं.