गुन्हा रस्त्यावर, शिक्षा वॉर्डात?

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या वस्तीत एका घरी हळद होती. दुसऱ्या दिवशी लग्न बौद्ध पद्धतीने, भन्तेजींच्या हस्ते होणार होते. पण आदल्या रात्री डीजे वाजला आणि गच्चीवर बाटल्या उघडल्या. रात्री एकच्या सुमारास एक तरुण पाहुणा मोटरसायकलवर घरी निघाला. नाक्यावर नाकाबंदी होती. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावले, आकडा मर्यादेच्या वर गेला, गाडी ठाण्यात जमा झाली आणि कोर्टाची तारीख हातात पडली. कुणाला धडक बसली नाही, कुणाला खरचटलेही नाही. पण हा तरुण एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वॉर्डातले रुग्ण त्याला ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतात.

दोन दिवसांनी त्याची आई आमच्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करून तिने मुलाला तीन वर्षांचा जीएनएम कोर्स करायला लावला. डोळ्याला पदर लावून म्हणाली, “जयभीम दादा. दंड भरू आम्ही, गाडी गेली तर जाऊ द्या. पण त्याचं नर्सिंगचं रजिस्टर जाईल का हो? पोरगं घरी बसलं तर खायचं काय?”

त्या माउलीला तिथल्या तिथे उत्तर देणे आम्हाला जमले नाही. आज आपल्या वस्त्यांतून कितीतरी मुली आणि मुले एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून घराला हातभार लावत आहेत. एका नोंदणीवर पाच-सहा माणसांची चूल पेटते. म्हणून हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा परिचारिकेच्या नोंदणीपर्यंत पोहोचावा का? आम्ही माहिती काढली, जाणत्यांशी बोललो आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

दोन वेगळे परवाने

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर गाडी चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय गुन्हा शाबीत झाला की कोर्टाने किमान सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते. म्हणजे गाडीचे लायसन जाते ते रीतसर, कायद्याने.

नर्सिंगचा परवाना मात्र आरटीओच्या हातात नाही. आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ आहे आणि त्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद परिचारिकांचे रजिस्टर ठेवत आली. गैरवर्तन झाले तर चौकशी करून, संबंधिताचे म्हणणे ऐकून, नाव कमी करण्याचा अधिकार अशा परिषदेला असतो. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला. त्यातही नीतिमत्ता आणि नोंदणी पाहणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. तेव्हा दंडाची पावती फाटली म्हणून रजिस्टरमधले नाव आपोआप पुसले जात नाही. पण रस्त्यावरच्या गुन्ह्याचा वॉर्डाशी काही संबंधच नाही, असेही कुणी समजू नये.

‘ड्युटीवर तर नव्हता ना?’

मुलाची बाजू घेणारे हेच म्हणतात. ड्युटी संपली, कपडे बदलले, पुढचा वेळ ज्याचा त्याचा. चूक रस्त्यावर झाली, तिची शिक्षा रस्त्याच्या कायद्याने दिली. मग एका चुकीला दोन शिक्षा कशाला?

ऐकायला हे रास्त वाटते. पण शरीराला ड्युटीचे घड्याळ कळत नाही. पोटात गेलेली दारू शरीर आपल्या गतीने जाळते. सर्वसाधारणपणे ताशी पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास ती रक्तातून कमी होते. कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. आता हिशेब करा. रात्री बारा वाजता रक्तात १६० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी आठपर्यंत १२० कमी होतील आणि ४० शिल्लक राहतील. म्हणजे गाडी चालवण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दारू अंगात ठेवून हा माणूस सकाळच्या पाळीला वॉर्डात उभा राहील.

आणि वॉर्डातले काम कसे असते? एकच उदाहरण पुरे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्याही येतात आणि १०० युनिटच्याही. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन भरले तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. साखर एकदम उतरते, रुग्ण बेशुद्ध पडतो, जिवावरही बेतते. बाटलीवरचा आकडा वाचायला क्षणभर लागतो. पण तो क्षण शुद्धीतला असावा लागतो. पलंगावर पडलेला म्हातारा काही मशीन आणून सिस्टरला ‘फुंका’ म्हणू शकत नाही. तो डोळे मिटून दंड पुढे करतो. त्या विश्वासाचेच दुसरे नाव नोंदणी.

इतरत्र काय झाले?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हाच प्रश्न कोर्टात गेला होता. एका नोंदणीकृत नर्सला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली. रक्तातील मद्यार्क तिथल्या मर्यादेच्या दुप्पट होता. नर्सिंग बोर्डाने नोंदणी काढून घेतली नाही. तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. खालच्या कोर्टाने म्हटले की या गुन्ह्याचा नर्सच्या कामाशी संबंध दिसत नाही. २०१२ साली अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. स्वतःला वा दुसऱ्याला धोका होईल अशा तऱ्हेने दारू पिणे हेच तिथल्या कायद्यात व्यवसायाला न शोभणारे वर्तन आहे, रुग्णाला प्रत्यक्ष इजा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता. इंग्लंडमध्ये तर आपल्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला की नर्सने तो आपण होऊन परिषदेला आणि मालकाला कळवावा, असा आचारसंहितेचा दंडक आहे. आपल्या मुली परदेशात नोकरीला जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही पाहण्यासारखे आहेत. हरियाणातील एका सरकारी कर्मचाऱ्याची नोकरी गेली, कारण त्याला सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याबद्दल वीस रुपये दंड झाला होता. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की अशा किरकोळ शिक्षेला नैतिक अधःपतन म्हणून कुणाची भाकरी हिरावता येत नाही. दुसरा निकाल २०२२ चा. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाचा एक चालक दारू पिऊन जवानांचा ट्रक चालवत होता. अपघात किरकोळ झाला. न्यायालय म्हणाले, मोठी हानी झाली नाही हे केवळ नशीब. तेवढ्याने गुन्हा माफ होत नाही. तरीही दीर्घ सेवा पाहून बडतर्फी फार कडक ठरवली आणि तिचे सक्तीच्या निवृत्तीत रूपांतर केले. तोवर तो चालक मरण पावला होता. त्या निकालाने त्याच्या वारसांना निवृत्तीचे लाभ मिळाले. गुन्ह्याला गुन्हा म्हणावे आणि शिक्षा मापात द्यावी, असा धडा आम्ही यातून घेतो.

आम्हाला काय वाटते

आमचे मत स्पष्ट आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झाला तर त्याची दखल नोंदणी करणाऱ्या परिषदेने घ्यावी. पण पहिल्याच गुन्ह्याला, कुणाला इजा झाली नसताना, रजिस्टरवरून नाव काढू नये. आधी काही प्रश्न विचारावेत. हे एकदाच घडले की वारंवार? ड्युटीच्या किती तास आधी? कुणी जखमी झाले का? या माणसाला दारूचे व्यसन जडले आहे का? एकदाच घसरलेल्याला ताकीद आणि काही काळ देखरेख पुरे. व्यसन जडलेल्याला उपचार द्यावेत आणि बरा होईपर्यंत औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती देऊ नये. उपचार नाकारून जो पुन्हा पुन्हा सापडेल, किंवा पिऊन वॉर्डात येईल, त्याची नोंदणी मात्र थांबवलीच पाहिजे. तिथे दया दाखवणे म्हणजे रुग्णावर अन्याय.

आणखी एक. हे माप डॉक्टरलाही तेच हवे. मोठ्या गाडीतून येणाऱ्या साहेबाचे प्रकरण मिटते आणि मोटरसायकलवरचा ब्रदर घरी बसतो, असे झाले तर तो न्याय नव्हे. सरपण नेहमी गरिबाच्याच घरचे जळावे, हे आम्हाला मान्य नाही.

लपवू नका

काही घरांतून सल्ला मिळतो, ‘दंड भर आणि गप्प बस, कुणाला कळणार आहे?’ हा सल्ला घातक आहे. नोकरीच्या फॉर्मवर गुन्ह्याची माहिती विचारलेली असते. माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या निकालात सांगितले आहे. गुन्हा किरकोळ असेल तर मालक तो पोटात घालू शकतो, असेही त्याच निकालात आहे. तेव्हा विचारले असता खरे लिहावे. कोर्टाची कागदपत्रे, दंडाची पावती जपून ठेवावी. कोर्टात गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जातीजमातीचे लोक आणि गरीब यांना तिथे वकील फुकट मिळतो.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. पंचशील आपण दर कार्यक्रमात म्हणतो. पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफिलपणा. परिचारिकेचे सारे काम या प्रमादाच्या उलट आहे: रात्रभर जागे राहून दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवणे. स्वतः भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला आपल्या हातांनी धुतले, स्वच्छ केले, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्याच मुलांच्या हातात हळदीच्या रात्री ग्लास कोण देतो? पोलिसांनी पकडला तो तरुण. पण पाजणारे आपणच होतो. लग्नघरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे तरी ठरवावे की आपल्या मांडवात दारू येणार नाही.

आणि त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर? आम्ही तिच्या घरी गेलो. मुलगा मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याला म्हणालो, “बाळा, उद्या स्वतः जाऊन मेट्रनबाईंना सांग. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.” तो रात्रभर झोपला नाही, असे त्याच्या आईने नंतर सांगितले. सकाळी त्याने लेखी अर्ज दिला. मेट्रनबाईंनी अर्ज वाचला, त्याला खडसावले, लेखी समज दिली आणि विचारले, “त्या रात्रीनंतरची तुझी पाळी कुठली होती?” “सकाळची,” तो म्हणाला. मग बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत.

त्याची नोकरी आहे. मोटरसायकल घरासमोर उभी आहे. तो बसने जातो. आई परवा भेटली तेव्हा म्हणाली, “दादा, रजिस्टर वाचलं.” आम्ही म्हणालो, “ताई, त्या सकाळी वॉर्डातला रुग्णही वाचला, हे त्याला विसरू देऊ नका.”