दूधसागरला जाऊ या, पण सारं घर सोबत घेऊन

पृथ्वीवर फिरावं आणि अल्लाह तआलाची निर्मिती डोळे उघडून पाहावी, असं आवाहन कुरआनने केलं आहे. सूरह अनकबूतच्या २० व्या आयतीत ते आलं आहे. हे आवाहन फक्त पुरुषांना नाही आणि फक्त तरुणांनाही नाही. तरीही आपल्या बऱ्याच घरांत फिरणं म्हणजे मुलांनी मित्रांबरोबर मोटारसायकली काढणं. घरातल्या बायका डबे भरून देतात, मुली मोबाइलवर फोटो बघतात आणि वडीलधारी माणसं मुलं परत येईपर्यंत दाराकडे डोळे लावून बसतात.

आमच्याकडेही अशीच एक मोहीम ठरत होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना भर पावसाळ्यात रेल्वे रुळांवरून चालत दूधसागर गाठायचा होता. घरात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, की दूधसागरला जायचं, पण जानेवारीत, रीतसर परवानगीच्या वाटेनं, वाटाड्यासोबत आणि सगळ्यांनी मिळून. अशा प्रकारे सावंतवाडी-बांदा भागातल्या चार घरांतली आम्ही २१ माणसं निघालो. सर्वांत लहान सात वर्षांची, सर्वांत मोठ्या सत्तरीच्या नानी. अशी सहल आपल्यापैकी कोणालाही करता येण्यासारखी आहे, म्हणून तिची माहिती वाचकांपुढे ठेवत आहोत.

कुठे आहे हा धबधबा?

गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेला लागून धारबांदोडा तालुका आहे. तिथे भगवान महावीर अभयारण्य पसरलं आहे. त्याचं एकूण क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. १९६९ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झालं आणि १९७८ मध्ये त्यातल्या सुमारे १०७ चौरस किलोमीटर गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हेच मोले राष्ट्रीय उद्यान. दूधसागर याच जंगलात आहे. सुमारे ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून अधिक उंचीवरून पाणी चार टप्प्यांत खाली येतं. काळ्या कड्यावर फुटून ते इतकं पांढरं होतं, की नावाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

धबधब्याच्या मधोमध रेल्वेचा पूल आहे. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी हा लोहमार्ग बांधला गेला आणि १८८८ मध्ये तो सुरू झाला. कॅसलरॉकहून कुळेपर्यंत गाडी घाट उतरते ती याच मार्गानं. २०१३ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात हा पूल दिसला आणि तेव्हापासून इथली गर्दी आणखी वाढली.

रुळांवरून का नाही?

गर्दीबरोबर रुळांवरून चालत जाणाऱ्यांची संख्याही वाढली. ही वाट बंद आहे. दूधसागरला उतरून रुळांवरून चालायला रेल्वेने मनाई केली आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार अशा घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये तर शेकडो तरुण तिथे पोहोचले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. लोक हसले, पण त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं. पावसात त्या घाटात दरड कोसळते, धुक्यात समोरचं दिसत नाही आणि पाण्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

मुलांना आम्ही एवढंच सांगितलं, की आपला जीव ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. ती फोटोसाठी पणाला लावायची नसते. मात्र नुसतं ‘नको’ म्हणून मुलं ऐकत नाहीत. ‘नको’ म्हणताना दुसरी चांगली वाट दाखवावी लागते.

वाटाड्या म्हणजे प्रवासाचा अमीर

ती चांगली वाट कुळे गावातून जाते. मोलेहून कुळे पाच-सहा किलोमीटरवर आहे. रेल्वेनं यायचं तर मडगावहून वास्को-कुळे पॅसेंजर आहे. कुळे स्टेशनाजवळच जीपचा तळ आहे. खासगी गाडी जंगलात नेता येत नाही. नोंदणी केलेल्या स्थानिक जीपमधूनच जावं लागतं. एका जीपमध्ये सात माणसं बसतात, त्यामुळे आमच्या २१ जणांच्या बरोबर तीन जीप झाल्या. जीपचं भाडं, वनखात्याचं प्रवेश शुल्क आणि लाइफ जॅकेटचं भाडं असा खर्च येतो. दर बदलत असल्यामुळे ते तिथल्या फलकावर पाहून घ्यावेत आणि पावती मागून घ्यावी. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. साधारण ऑक्टोबरपासून ती पुन्हा सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी भरपूर असतं, डिसेंबर-जानेवारीत हवा थंड आणि पाणी स्वच्छ, तर मे महिन्यापर्यंत धार बरीच बारीक होते.

आमच्याबरोबर आलेला वाटाड्या कुळ्याचाच तरुण होता. वडील पूर्वी खनिजाच्या ट्रकवर चालक होते, असं त्यानं सांगितलं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि त्या घरानं जंगलाच्या वाटेवर पोट भरायला सुरुवात केली. निघण्यापूर्वी त्यानं आम्हाला तीन गोष्टी बजावल्या. जॅकेट पाण्याबाहेर आल्यावरच काढायचं, माकडांना काही द्यायचं नाही आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं.

तिसऱ्या अटीवर आमच्यातल्या एका तरुणानं तोंड वाकडं केलं. तेव्हा त्याच्या चाचांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आठवून दिली. तीन माणसं प्रवासाला निघाली तरी त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर नेमावं, असं हदीसमध्ये आलं आहे. चाचा म्हणाले, “आज आपला अमीर हा. जंगल त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही.” त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

जंगलातला तास

कुळ्याहून धबधब्याकडे जाणारा रस्ता दहा-बारा किलोमीटरचा आहे, पण त्याला तासभर लागतो. लाल माती, खड्डे, आणि वाटेत जीप नदीचे प्रवाह ओलांडते. पाणी चाकांवर चढलं तेव्हा लहान मुलं ओरडली आणि नानींनी मोठ्यानं दुआ म्हटली. एका वळणावर जीप थांबवून वाटाड्यानं शेकरू दाखवलं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी इथल्या उंच झाडांवर सहज दिसतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो दिसला नाही, पण ओल्या मातीत उमटलेले त्याचे खूर दिसले. धनेश पक्षी डोक्यावरून गेला तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

जीप थांबते तिथून किलोमीटरभर पायवाट आहे. मोठमोठे दगड, झाडांची मुळं, मध्ये लहान पूल. नानींना घेऊन आम्हाला अर्धा तास लागला. “आजी, सवकास या,” असं वाटाड्या प्रत्येक दगडापाशी म्हणायचा आणि हात पुढे करायच्या ऐवजी काठीचं टोक पुढे करायचा. न सांगता त्यानं राखलेली ही अदब नानींच्या लक्षात आली. “येतंय रे बाबा, तू हो पुढे,” असं म्हणत त्या शेवटपर्यंत चालल्या.

झाडी संपली आणि समोर तो उभा कडा आला. बराच वेळ कोणी बोललं नाही. नानी एका सपाट दगडावर बसल्या आणि त्यांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हटलं. सूरह बकरहच्या ७४ व्या आयतीत कठोर झालेल्या मनांची तुलना खडकांशी केली आहे आणि खडकांमधूनही झरे फुटतात, याची आठवण दिली आहे. ती आयत आम्ही अनेकदा वाचलेली, पण खडकातून पाणी कोसळताना पाहिल्यावर तिचा अर्थ मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

घरातली सोळा वर्षांची मुलगी मात्र तिथेच म्हणाली, “भाईजान लोक दरवर्षी कुठे कुठे जातात. आम्ही आज पहिल्यांदा आलो.” तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हा मोठ्यांना जास्त लागलं.

भगिनींसाठी काही गोष्टी

‘बायकांना तिथे कसं जमणार?’ हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला होता. अनुभवावरून सांगतो, नीट आखणी केली तर चांगलं जमतं.

घोळदार बुरखा ओल्या दगडांवर पायात येतो. त्याऐवजी गुडघ्याखाली येणारा सैल, जाड कुर्ता, सलवार आणि पिना लावून घट्ट बसवलेला स्कार्फ घालावा. अंग झाकलेलं राहतं आणि चालताना दोन्ही हात मोकळे राहतात. लाइफ जॅकेट त्यावर सहज बसतं. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचं जॅकेट कुळ्यालाच मागून घ्यावं. चपला नकोत, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. शनिवार-रविवार टाळावा आणि सकाळच्या पहिल्या जीप गाठाव्यात, म्हणजे गर्दी कमी असते. तिथे सर्व प्रकारचे पर्यटक येतात. आपली नजर आणि आपली जागा आपण राखावी. आमच्या मुली आणि स्त्रिया कडेच्या दगडांवर बसून पाण्यात पाय सोडून होत्या आणि मनसोक्त हसत होत्या. तळ्यात उतरायचं असेल तर जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच उतरावं. पाणी वरून शांत दिसलं तरी खोल आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायवाटेचा हट्ट धरू नये. दिवसाउजेडी या घाटातून जाणारी रेल्वे पाहून तिकीट काढावं. खिडकीतून दिसणारा दूधसागरही विसरण्यासारखा नसतो.

नमाज आणि डबा

आम्ही फजर घरी अदा करून निघालो आणि नऊच्या सुमारास कुळ्याला पोहोचलो. धबधब्यापाशी दीड-एक तास मिळतो. एक वाजेपर्यंत आम्ही परत कुळ्यात होतो. जानेवारीत इथे जुहरची वेळ पावणेएकच्या आसपास सुरू होते, त्यामुळे घाई झाली नाही. झाडाच्या सावलीत चटया अंथरून जमात केली. प्रवासातल्या कस्रचे आणि दोन नमाजा एकत्र करण्याचे नियम शाफई आणि हनफी मसलकांत वेगवेगळे आहेत. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना निघण्याआधीच विचारून घ्यावं. शुक्रवार टाळला तर जुमाचाही प्रश्न राहत नाही.

जेवण घरचंच नेलं होतं. चपात्या, सुका खिमा, उकडलेली अंडी आणि सांदणं. सगळे डबे बसमध्येच ठेवले, जंगलात फक्त पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या नेल्या. माकडं पिशवी ओळखतात आणि हिसकावून नेतात. त्यांना खायला देणं हा सवाबही नाही. आयत्या तेलकट खाण्यानं ती आजारी पडतात आणि माणसांवर धावून येतात.

हे पाणी पुढे कुठे जातं?

परतीच्या वाटेवर वाटाड्यानं मुलांना विचारलं, की हे पाणी पुढे कुठे जातं. कोणालाच ठाऊक नव्हतं. दूधसागर नदी पुढे खांडेपार नदी होते आणि मांडवीला मिळते. खांडेपारवर ओपा इथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. फोंडा आणि पणजीच्या नळांना तिथून पाणी जातं. म्हणजे धबधब्याखाली टाकलेली साबणाची पुडी किंवा लहान मुलाचा लंगोट कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर पडतो. पाणवठा, रस्ता आणि लोकांची सावलीची जागा घाण करण्यापासून प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली आहे. धबधब्यापाशी पाणवठा, वाट आणि सावली तिन्ही एकत्र आहेत. म्हणून शौचाला जाणं कुळ्यातच उरकून घ्यावं आणि वुजूही ओंजळभर पाणी घेऊन प्रवाहाच्या बाहेर करावा.

या जंगलासाठी गोव्याच्या लोकांनी मोठी लढत दिली आहे. रेल्वे मार्गाचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी या तीन प्रकल्पांमुळे मोल्यातली झाडं जाणार होती. २०२० मध्ये विद्यार्थी, शास्त्रज्ञ, शेतकरी असे सर्व थरांतले लोक ‘मोले वाचवा’ म्हणत एकत्र आले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. आज आपण जे जंगल पाहतो, ते कुणीतरी आपल्यासाठी राखलं आहे म्हणून पाहतो.

वाचकहो, सहलीचा खर्च चार घरांनी वाटून घेतला तर एखाद्या वाढदिवसाच्या जेवणावळीएवढाही येत नाही. दूधसागरच हवा असं नाही. आपल्या जिल्ह्यातही धबधबे, किल्ले, अभयारण्यं आहेत. पावसाळा ओसरला की एक दिवस ठरवा, रीतसर वाट आणि जाणता वाटाड्या शोधा, आणि यादी करताना घरातल्या आजी-नानीचं आणि मुलींचं नाव सर्वांत आधी लिहा.