दुरुस्त केलेली रिक्षा पुन्हा बंद पडली तर

आपल्या वस्तीत रात्री फेरी मारली तर प्रत्येक गल्लीत दोन-चार रिक्षा, एखादी टॅक्सी, एखादा टेम्पो उभा दिसतो. कर्ज काढून घेतलेली ती गाडी म्हणजे त्या घराची चूल. मिस्त्रीने दुरुस्तीत घोळ घातला, तर दिलेला पैसा जातोच, वर रोजी बुडते आणि हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी आपला माणूस एक तर गॅरेजवर जाऊन हमरीतुमरीवर येतो, नाही तर नशिबाला बोल लावून दुसरा मिस्त्री गाठतो. भरपाई मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही या कायद्याने 'सेवा' ठरते, आणि ती नीट केली नाही तर ती सेवेतील त्रुटी. "रिक्षा धंद्याची आहे, तू कसला ग्राहक?" असे सांगून आपल्या माणसाला गप्प बसवतात. ते खरे नाही. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून गाडी चालवणारा ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याच संदर्भात रिक्षाचे उदाहरण दिलेले आहे. मात्र चार-पाच रिक्षा घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्याला हा आधार मिळणे कठीण.

आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या बंधूने इंजिनाचे काम करून घेतले. बोअर केले, नवा पिस्टन, नव्या रिंगा. अठरा हजार रुपये गेले. नवव्या दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम. मिस्त्री म्हणाला, "तूच ऑइल बघितलं नाहीस." बिल मागितलेच नव्हते. परंतु त्यांच्या पत्नीने मिस्त्रीच्या हातचे आकडे असलेला वहीचा कागद मुलांच्या दाखल्यांच्या डब्यात जपून ठेवला होता, आणि दहा हजार फोनवरून दिल्याची नोंद होती. (आमचे अर्धे आयुष्य कचेरीत कागद लावण्यात गेले, बायका कागद जपतात म्हणून कितीतरी घरे तरली, हे आम्ही शपथेवर सांगू.)

आम्ही त्यांना एकच सांगितले, इंजिन घाईने खोलू नका. आधी मिस्त्रीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले: अमुक तारखेला, अमुक गॅरेजात इंजिन खोलणार आहोत, आपण हजर राहावे. ऑइल किती आहे ते खोलण्यापूर्वी पाहून फोटो काढला. ऑइल पुरेसे होते. बोअर आणि पिस्टन यांच्यामध्ये जेवढी फट हवी तेवढी ठेवलेली नव्हती. तापून पिस्टन फुगला आणि अडकला. दुसऱ्या मिस्त्रीने हे आपल्या छापील कागदावर सहीनिशी लिहून दिले. काढलेले सुटे भाग पोत्यात बांधून घरी आणले. ते भंगारात गेले असते तर पुरावाच गेला असता, कारण त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो.

मिस्त्रीने ऐकले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, याची तयारी ठेवावी.

मागावे काय? दुरुस्तीचा खर्च, पुन्हा करावा लागलेला खर्च, बुडालेली रोजी, तक्रारीचा खर्च. पण रिक्षा सहा महिने दारात उभी ठेवून रोजचे हजार रुपये मागितले, तर ते मिळणार नाहीत. आपले नुकसान आवाक्यात ठेवण्यासाठी आपण काय केले, हे विचारले जाते. रोजची कमाई साध्या वहीत लिहिण्याची सवय इथे कामी येते. तोंडी आकड्याला कोण विचारतो?

मिस्त्रीही बहुधा हातावर पोट असणाराच असतो, हेही विसरू नये. गाडी त्याच्या ताब्यात असेल तर केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने त्याला दिला आहे. म्हणून रात्री कुलूप तोडून गाडी आणण्याचे धाडस कोणी करू नये.

आमच्या बंधूंचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. पत्र आणि दुसऱ्या मिस्त्रीचा कागद पाहिल्यावर पहिल्याने नवा सिलिंडर-पिस्टन घालून दिला आणि मजुरी परत केली. बारा दिवसांची रोजी मात्र सोडावी लागली. ही तडजोड त्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागदावर उतरवली, आणि तो कागदही त्याच डब्यात गेला. कोणाला आधी विचारपूस करायची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मराठीतून बोलता येते.