आकाशात इंजिन बंद पडले तर?

रस्त्यात मोटारसायकल बंद पडली तर आपण ती बाभळीखाली लावून मिस्त्रीला बोलावतो. विमान कुठे लावायचे? ५ मार्च २०१५ रोजी हा प्रश्न अमेरिकेतील नामवंत सिनेनट हॅरिसन फोर्ड यांच्यापुढे उभा राहिला. वय ७२. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका विमानतळावरून ते आपले १९४२ सालचे छोटे विमान घेऊन एकटेच निघाले आणि वर चढता चढताच इंजिनाची ताकद गेली.

ताकद गेली म्हणून विमान दगडासारखे खाली पडत नाही. त्याला तोलून धरतात ते पंख. इंजिन फक्त पुढे ओढते. इंजिन थांबताच वैमानिक विमानाचे नाक थोडे खाली करतो, की उतारावर सोडलेल्या सायकलीसारखे ते वेग धरून पुढे जात राहते. चार जणांचे सेसना १७२ हे विमान अशा वेळी ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर जाते. हाती वेळ जेमतेम सव्वा मिनिट! उंची हीच गाठीची शिल्लक. घाबरून नाक वर ओढले तर वेग मोडतो, पंखांचा आधार सुटतो आणि मग मात्र ते कोसळते.

फोर्ड यांनी आधी विमानतळाकडे वळण घेतले. धावपट्टी गाठत नाही असे दिसताच हट्ट सोडून जवळच्या गोल्फच्या मैदानाकडे वळवले. झाडाचा शेंडा लागला, विमान जोरात आदळले. ते जबर जखमी झाले, पण वाचले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

तपासात निघाले काय? कार्बोरेटरमधील मुख्य जेट आटे सुटून जागेवरून हलली होती. इंजिनात पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त गेले आणि चोक ओढलेला राहिल्यावर फटफटी गुदमरते तसे ते गुदमरले. कार्बोरेटर जोडला होता सुमारे १७ वर्षांपूर्वी. ही जेट मधूनमधून तपासावी, असे सूचनांत कुठे लिहिलेलेच नव्हते! खांद्याचा पट्टाही आसनाला भक्कम बसवलेला नव्हता. त्याने दुखापत वाढली.

मैदान नसेल तर वैमानिक शेत शोधतो. कोठला धूर दिसला की वाऱ्याची दिशा कळते. वाऱ्याला तोंड करून उतरले तर विमान लवकर थांबते. नांगरट असेल तर तासांच्या रोखाने उतरायचे, आडवे गेले तर उलटण्याची भीती. सर्वांत वाईट विजेच्या तारा. वरून त्या दिसत नाहीत, म्हणून नजर खांबांवर ठेवतात.

हे आपल्याकडेही घडते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे बारामतीचे एक शिकाऊ विमान शेतात कोसळले. आतली शिकाऊ वैमानिक तरुणी किरकोळ दुखापतीवर बचावली.

असे विमान आपल्या शिवारात आले तर धावून जरूर जा, पण विडी-काडी पेटवू नका, पेट्रोल सांडलेले असू शकते. पंख्यासमोरून जाऊ नका. थांबलेला पंखाही अचानक फिरू शकतो. विजेची तार तुटून पडली असेल तर आधी वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्या. पोरांना बांधावरच थांबवा.