गाण्याचा चेहरा हरवू नका!

बालमित्रांनो, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर गाण्यांचा फोल्डर असेलच. तो उघडून बघा बरं! 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'... आणि चित्राच्या जागी नुसती करडी चौकट! गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कोणी, कशाचाच पत्ता नाही.

पूर्वी ही माहिती कव्हर सांभाळायचं. जुन्या तबकड्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं गाणं मावे. म्हणून अशा अनेक तबकड्या कागदी कप्प्यांच्या जाड वहीत ठेवत. ही वही फोटोच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून गाण्यांच्या संचालाही 'अल्बम' नाव पडलं! या वह्या बहुधा साध्याच असत. १९४० साली अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांच्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे १९४८ मध्ये मोठी एल.पी. तबकडी आली आणि कव्हरवर बारा इंचांचं चित्र झळकू लागलं.

त्याही आधीची एक गंमत ऐका. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. का बरं? तबकड्या तयार होत जर्मनीत. तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव छापायचं, हे कळायला हवं ना!

आता आमच्या रामटेकचं उदाहरण घेऊ. गडावर रामाचं मंदिर, त्यामुळे गीतरामायण इथल्या घराघरांत ओळखीचं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ते पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. तेव्हा माणिक वर्मा, ललिता फडके असे निरनिराळे कलाकार गायले होते. नंतरच्या तबकड्यांत मात्र सगळी गीतं सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. म्हणजे गीत तेच, आवाज वेगळा! तुमच्याकडचं कोणतं, हे करडी चौकट कशी सांगणार?

चला तर मग, कामाला लागू या.

१) घरातल्या कॅसेट, सीडी, तबकड्या शोधा. कव्हरवरची धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसा.

२) खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. फ्लॅश नको, कागद चकाकतो. मागची बाजूही घ्या. वादकांची नावं बहुधा तिथेच असतात.

३) चित्र चौकोनी लागतं, पण कॅसेटचं कव्हर उभट असतं. ते कापू नका, नाव कापलं जाईल! दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी जोडा.

४) एमपी३ फाइलमध्ये गाण्यासोबत माहितीचा छोटा कप्पा असतो, त्याला 'टॅग' म्हणतात. विंडोजवर 'एमपी३टॅग' हा मोफत प्रोग्राम घेऊन त्यात नावं भरा आणि चित्र चिकटवा. मग गाणं दुसऱ्या फोनवर गेलं, तरी त्याचा चेहरा सोबत जातो.

५) मागच्या बाजूचा फोटो त्याच फोल्डरमध्ये वेगळा ठेवा.

आता एक गणित! फोटो ३ एमबीचा असेल आणि तो ५६ गीतांत चिकटवला, तर किती जागा जाईल? १६८ एमबी! तोच फोटो लहान करून २०० केबीचा केला, तर साधारण ११ एमबीत भागतं. फोनच्या पडद्यावर तेवढा पुरेसा स्पष्ट दिसतो. मूळ मोठा फोटो मात्र पुसू नका, वेगळा जपा.

इंटरनेटवर आयती चित्रं मिळतात हो. पण एकाच अल्बमची कव्हरं निरनिराळी निघालेली असतात. चुकीचं चित्र लावलं, तर माहितीही चुकते. आणि तुमच्या कव्हरवर आजोबांनी पेनाने लिहिलेली तारीख तुम्हाला इंटरनेटवर कुठून मिळणार?

पालकांनो, या कामात मुलांजवळ बसा. रद्दीत कव्हरं टाकण्याआधी एकदा त्यांना दाखवा. तबलजीचं, बासरीवाल्याचं नाव कधीकधी फक्त त्या एका कागदावरच उरलेलं असतं. तो गेला, की वाजवणारा माणूसच विसरला जातो.

मग मुलांनो, येत्या रविवारी एका अल्बमपासून सुरुवात करणार ना?